व्हिनेगरने चकाचक केलेला तवा दोन दिवसांत परत लाल का होतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. राजापूरकडचं घर बरीच वर्षं बंद होतं, माळा साफ करताना आजीची चार भांडी निघाली, एक जाड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा, एक पत्र्याची लोखंडी कढई, एक बिडाचं आप्पेपात्र आणि एक फोडणीची पळी. सगळी लालभडक. तुम्ही ती पुण्याला आणली, तवा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी घासला, छान करडा निघाला, धुवून ओट्यावर पालथा ठेवला आणि दोन दिवसांत परत केशरी. आता घरात कोणी म्हणतंय कोल्ड्रिंकमध्ये टाका, कोणी म्हणतंय बाथरूमचं ऍसिड लावा, शेजारचे काका ग्राइंडर घेऊन तयार आहेत, आणि सासूबाई म्हणतायत भंगारात द्या, गंज पोटात गेला तर धनुर्वात होईल.

मी जुनी लोखंडी आणि बिडाची भांडी साफ करून परत वापरात आणून देते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचाच आहे. तुम्ही विचारलंय गंज कसा काढायचा, पण तो तर तुम्ही काढलातच की. अडलंय ते पुढे. उघडं पडलेलं ओलं लोखंड काही मिनिटांत गंजायला लागतं, त्यामुळे शेवटचं पाणी निथळल्यापासून तेलाचा पहिला हात लागेपर्यंत तुम्ही काय करता त्यावर सगळं अवलंबून. ओट्यावर पालथा ठेवून वाळवणं म्हणजे गंजाला आमंत्रणच. घासायला दोन तास घालवतात लोक आणि शेवटची दहा मिनिटं चहा प्यायला जातात.

आधी धनुर्वाताचं संपवते. धनुर्वात गंजाने होत नाही, त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, ते जखमेतून आत गेले तर होतो. गंजका खिळा बदनाम झाला कारण तो मातीत पडलेला असतो आणि खोल टोचतो. गंजाचा कण पोटात गेला म्हणून काही होत नाही, पण भाकरीला लाल डाग आणि तोंडात लोखंडाची चव कोणाला हवीय, म्हणून काढायचा.

आता भांडं वाचवण्यासारखं आहे का ते बघा, कारण हे फोटो न बघता मी सांगू शकत नाही. बिडाचं भांडं एका बोटावर टांगल्यासारखं धरा आणि लाकडी चमच्याने हलकं टकटक करा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर धडधाकट, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्याला दिसो वा न दिसो. तडा गेलेलं बीड गॅसवर ठेवू नका. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ, तापल्यावर तडा वाढतो आणि एक दिवस तवा दोन तुकड्यांत. पत्र्याच्या कढईचं उलटं आहे, ती तडकत नाही, वाकते आणि झिजते. ती उन्हाकडे धरा, सुईच्या टोकाएवढा जरी उजेड आरपार दिसला तर तिच्यात तळण करायचं नाही. कड्या जिथे रिबिटांनी बसवल्यात तिथे हलवून बघा, बहुतेक वेळा गंज रिबिटाच्या मागे दडलेला असतो आणि कडी खुळखुळते. ते एखादा लोहार ठोकून घट्ट करून देतो, किरकोळ काम आहे.

तिसरी गोष्ट, भांड्याचा इतिहास. माळ्यावरच्या कढईत कधी डांबर किंवा रंग उकळला असेल, जाळ्याला लावायचं शिसं वितळवलं असेल, तर ती शोभेला ठेवा, स्वयंपाकाला नको, कारण शिसं घासून जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि करड्या चमकदार मुलाम्याचं, बादलीसारखं दिसणारं काही असेल तर तो जस्ताचा मुलामा असतो, त्यातही शिजवू नका. तुमची चार भांडी स्वयंपाकघरातलीच दिसतायत, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या.

बरं, आता गंज काढणं. किती खोल आहे त्यावर पद्धत ठरते. नुसती लाल पावडर वरवर असेल तर व्हिनेगरची सुद्धा गरज नाही, तारेची घासणी, थोडं तेल आणि जाडं मीठ, किंवा जुन्या पद्धतीने विटेची भुकटी आणि काथ्या, अर्ध्या तासात निघतो. पापुद्रे सुटत असतील तर आधी कोरडंच खरवडा, जुन्या उलथन्याची धार चालते. पत्र्याच्या कढईला ड्रिलला लावायचा वाटीसारखा वायर ब्रश मस्त चालतो, फक्त गॉगल आणि मास्क घाला, तारा तुटून उडतात. ग्राइंडरवाल्या काकांना मात्र नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. ग्राइंडरची चकती बिडाला चर पाडते आणि वर इतकी गुळगुळीत करते की तेलाचा थर धरायला जागाच राहत नाही, आधीचा तो बारीक खरखरीतपणा कामाचा असतो.

आम्लात भिजवणं हा सगळ्यात सोपा उपाय, पण रात्रभर नाही. अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी, प्लास्टिकच्या टबात, आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून घासून बघायचं. बाजारातल्या व्हिनेगरात ४-५ टक्के ऍसिटिक ऍसिड असतं, ते आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं. तव्यावर गंज नसलेल्या जागी बारीक बुडबुडे सुटताना दिसले की समजायचं आता उघड्या लोखंडावर काम चाललंय, काढा बाहेर. व्हिनेगरऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं, एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅमच्या आसपास. चिंचेचा कोळ पण चालतो पण सावकाश, हलक्या गंजालाच. कोल्ड्रिंकने गंज निघतो हे खरं आहे, कोलासारख्या काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ऍसिड असतं, पण ते इतकं पातळ की कढई बुडवायला बादलीभर लागेल आणि वर साखरेचा चिकटपणा, पैसे जास्त झाले असतील तर करा. आप्पेपात्र अख्खं बुडवायची गरज नाही, खळगे व्हिनेगरने भरायचे आणि तासाभरात जुन्या टूथब्रशने, मग बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. लाकडी मूठ असेल तर ती आम्लात जाऊ देऊ नका.

बाथरूमच्या ऍसिडबद्दल मी जरा कडक बोलते, कारण तुमची भांडी कोकणातली आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं, गंज क्षणात नाहीसा होतो, बघायला जादू, पण मागे क्लोराइड राहतात, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार. आणि क्लोराइड हाच तर समुद्रकाठच्या हवेचा त्रास आहे, खारी हवा वर्षानुवर्षं त्या माळ्यावर खेळली, मीठ गंजाच्या खड्ड्यांत खोल जाऊन बसलं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वरून साफ दिसणारा तवा आतून परत फुटतो. तुमच्या तव्यावर परत आलेला गंज जर सगळीकडे सारखा, हलका केशरी असेल तर तो नुसता ओलसर राहिल्याचा, पण ठिपक्या ठिपक्यांनी त्याच त्याच जागी आला असेल तर मीठ आहे असं धरून चाला. त्याला उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, लिटरला एक मोठा चमचा सोडा, भांडं त्यात ठेवून अर्धा तास उकळायचं, पाणी फेकायचं, परत साधं पाणी घालून उकळायचं, असं दोन-तीनदा. ऍल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोडा त्यालाच खातो. या उकळण्याने जुन्या तेलाचं कीटही मऊ होतं आणि व्हिनेगरचा उरलेला आंबटपणाही मरतो, म्हणजे एका कामात तीन कामं.

विजेचीही एक पद्धत आहे, खूपच पापुद्रे आलेल्या भांड्याला मी तीच वापरते. प्लास्टिकच्या टबात सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, भांडं निगेटिव्हला आणि साध्या लोखंडी सळईचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांनी एकमेकांना टेकायचं नाही. याने चांगलं लोखंड अजिबात खाल्लं जात नाही हा मोठा फायदा. पण हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावरच, जवळ विडीकाडी नको, चालू असताना पाण्यात हात नको, आणि सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे कधीच नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. विजेच्या कामाची सवय नसेल तर सोडून द्या, तुमच्या भांड्यांना याची गरज नसावी.

चुलीवरची बाहेरची काजळी काढायची का, हे आवडीवर. घट्ट बसलेली असेल आणि हाताला लागत नसेल तर मी ठेवते. फक्त ती जाळायला म्हणून तवा थेट होळीत किंवा शेकोटीत टाकू नका, असा सल्ला पण देतात लोक. बीड एका बाजूने लाल होतं आणि वेडंवाकडं होतं किंवा तडकतं, आणि मग माझ्याकडे घेऊन येतात.

आता ती दहा मिनिटं. तयारी आधी करून ठेवायची, गॅसजवळ जुना सुती कपडा, वाटीत तेल, पक्कड. भांडं शेवटचं गरम पाण्याने आणि थोड्या साबणाने धुवा, लगेच पुसा, आणि तसंच मंद आचेवर ठेवा. पुसायच्या कपड्याकडे नीट बघा. कपड्यावर लाल-तपकिरी आलं तर गंज अजून आहे, परत घासा. काळं-करडं आलं तर घाबरू नका, बिडातला कार्बन ग्राफाइटच्या रूपात असतो, पेन्सिलीत असतो तोच, तो आम्लाने उघडा पडतो, अपायकारक नाही आणि काही वापरांनंतर थांबतो. खूप जण ते काळं जाईपर्यंत घासत बसतात आणि ते जातच नाही.

तवा कोरडा झाला, हात लावून चटका बसेल इतका तापला की गॅस बंद करून तेलाचा हात सगळीकडे, वर, खाली, कडेला, आप्पेपात्राच्या पायांना, कढईच्या कड्यांच्या मागेसुद्धा. आणि मग दुसऱ्या कोरड्या कपड्याने ते तेल पुसून टाका, चुकून लागलं होतं असं समजून पुसा. वर चमक दिसली तरी जास्त आहे. आता परत गॅसवर, मध्यम आच, धूर सुरू होईल, तो निघून जाईपर्यंत ठेवा, खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू. गार होऊ द्या, परत पातळ हात, परत तापवा. चार-पाच वेळा असं केलं की करडा तवा तपकिरी आणि मग काळपट होतो. घरच्या गॅसची आच मध्येच लागते म्हणून तवा सरकवत सरकवत कडा तापवायच्या. मोठा ओव्हन असेल तर उत्तम, भांडं पालथं घालून २२० ते २३० अंशांवर तासभर, आतच गार होऊ द्यायचं, मग पुढचा हात. हे करताना होतं काय तर तेल जळत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंफून लोखंडाला घट्ट धरून बसतात, कपाटाला वॉर्निश लावतो तसा कडक थर तयार होतो आणि हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. चिकट राहिलं असेल तर तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली, परत तेल न लावता तापवा, सुटलं नाही तर तेवढाच भाग घासून परत.

तेल कोणतं हा वाद न संपणारा आहे. माझं मत असं की जे तेल वाळतं ते चांगलं. जवसाचं तेल सगळ्यात लवकर वाळतं, थर काचेसारखा कडक होतो, पण पुढे कपचे उडतात, म्हणून मी वापरत नाही. करडईचं तेल माझं आवडतं, ते वाळणाऱ्या तेलांत मोडतं, सोलापूर-मराठवाड्याकडे सहज मिळतं. सूर्यफुलाचं चालतं. शेंगदाण्याचं त्यामानाने कमी वाळतं, पण आपल्या घरोघरचे तवे त्यावरच तयार झालेत, एखाद-दोन हात जास्त द्यायचे. खोबरेल मात्र नको. कोकणात पटकन हातात तेच येतं, पण ते वाळणाऱ्यातलं नाहीच, थर धरत नाही, नुसतं तेलकट राहतं. तूपही त्याच कारणाने नको.

आता तुमच्या एकेका भांड्याचं. तव्यावर काय करणार ते आधी ठरवा, कारण भाकरीचा तवा आणि घावनाचा तवा एक ठेवता येत नाही. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापलेला लागतो, त्या आचेने तेलाचा थर हळूहळू जळून जातो, दुसऱ्या दिवशी त्यावर घावन घातलं की चिकटणारच, मग लोक म्हणतात तवा बिघडला. तुमचा जाड बिडाचा आहे म्हणताय तर तो घावन-आंबोळी-डोशाला ठेवा, भाकरीला साधा पत्र्याचा तवा घ्या. सुरुवातीला त्यावर थालीपिठं लावा, मध्ये भोक पाडून सोडलेलं तेल तव्याला चांगलं मानवतं. घावनाआधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवायची जुनी पद्धत आहे ती उत्तमच, तेल पातळ आणि सारखं लागतं. जाड बीड मंद आचेवर निवांत तापवायचं, आणि तापलेल्यावर गार पाणी मारायचं नाही. डोसेवाले मारतात, त्यांचा तवा वेगळा, आच वेगळी.

कढईत पहिले काही दिवस भजी, पुऱ्या, तळणच करा. मग परतलेल्या भाज्या. कोकम, चिंच, टोमॅटो, ताक घातलेलं काही त्यात शिजवायचं नाही निदान पहिले काही महिने, आणि नंतरही शिजवून ठेवून द्यायचं नाही. आंबटाने थर सुटतो, पदार्थ काळा पडतो, चव कडसर लागते. आमसुलाची आमटी स्टीलच्याच पातेल्यात. अंगात लोह उतरतं म्हणून लोखंडी कढई वापरायची हे बरोबर आहे, आंबट पदार्थात जास्त उतरतं हेही बरोबर, पण घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा लोह साठण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज वापरू नका.

आप्पेपात्र सगळ्यात वेळखाऊ, कारण खळग्यात तेल तळाला साचतं. तेल लावून पुसलं की पालथं घालूनच तापवायचं किंवा तापत असताना पुन्हा एकदा पुसायचं, नाहीतर प्रत्येक खळग्याच्या बुडाशी चिकट थेंब वाळून बसतो आणि पहिला आप्पा तिथेच अडकतो. पळीला एवढं काही लागत नाही, घासली, तापवली, तेल लावलं, रोज फोडणी केली की झालं.

रोजचं धुणं. साबण लावायचा नाही असं म्हणतात ते जुन्या काळच्या दाहक सोड्याच्या साबणाबद्दल ठीक होतं, आताचा भांड्यांचा साबण थोडासा चालतो. चालत नाही ते सिंकमध्ये रात्रभर भिजत ठेवणं आणि तारेच्या घासणीने जोरात घासणं. कामाला येणाऱ्या ताईंना हे आवर्जून सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या प्रेमाने सगळा थर घासून तवा पांढरा करून ठेवतील, किंवा ही दोन-तीन भांडी स्वतःच धुवा, मिनिटाचं काम आहे. धुतलं की गॅसवर अर्धा मिनिट, मग तेलाचं बोट. पावसाळ्यात हे चुकवू नका. घर परत काही महिने बंद राहणार असेल तर पातळ तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट हवा कोंडते. तेल खवट होईल, हरकत नाही, परत वापरताना गरम पाणी-साबणाने धुऊन एकदा तापवायचं.

कोणीतरी तुम्हाला असंही सांगितलंय की जुनं लोखंड चांगलं असतं, दिल्लीचा लोहस्तंभ बघा, गंजत नाही. त्या स्तंभात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे वर संरक्षक थर बनलाय आणि दिल्लीची कोरडी हवा त्याच्या मदतीला आहे. तुमच्या आजीच्या तव्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजीचा तवा गंजत नव्हता कारण तो रोज चुलीवर चढत होता.

तर आता करा असं, व्हिनेगरला परत हात लावू नका, तुमच्या तव्यावरचा गंज तारेच्या घासणीने निघेल इतकाच असेल. सोड्यात उकळा, धुवा, पुसा, लगेच आचेवर. आणि टकटक करून आप्पेपात्राचा आवाज कसा येतो ते लिहा, खालच्या बाजूचा एक फोटो टाका, पायांच्या मुळाशी तडा असतो कधीकधी.